जंगलात पायी जाऊ नये, शोभत नाही

तुम्हाला निसर्गाची ओढ लागली आहे, हे तुमच्या स्टेटसवरून कळलंच. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की पुण्याहून, हैदराबादहून (आणि नागपूरहून तर विचारूच नका) गाड्यांची रांग ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा गेटांच्या दिशेनं लागते. या, स्वागत आहे. पण एक आधीच सांगून ठेवतो. चालत येऊ नका. जंगल संरक्षित आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, कलम 27. परवान्याशिवाय अभयारण्यात पाऊल ठेवता येत नाही. परवाना चाकाला मिळतो, ऑनलाइन.

ही साधी गोष्ट आमच्या बफरमधल्या (कोअर, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या) म्हाताऱ्यांना अजून पचलेली नाही. एक आजी परवाच विचारत होती, "काऊन रे बाप्पा, मी टोपलीभर मोहा येचाले गेली त नाकेदार हाकलून देते, अन् हे सा-सा जण उघड्या जिपशीत बसून दिवसभर धूर सोडत फिरतेत, ते कोनत्या देवाले जातेत?" आता तिला कोण समजावणार? आजी, तू पोटासाठी जातेस, म्हणून तो मानवी हस्तक्षेप. ते मजेसाठी येतात, म्हणून ते संवर्धन.

तेव्हा पहिला सल्ला असा की मनात अपराधी भाव ठेवू नका. तुमच्यासाठी जागा मोकळी करण्याचं काम आम्ही केव्हाच उरकलंय. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1986 साली अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आत माणसं राहतात. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी वाघाची झोपमोड होत असणार. 2008 च्या पॅकेजप्रमाणे कुटुंबामागे 10 लाख रुपये ठरले आणि गावं हळूहळू बाहेर आली. घुंगरं थांबली. आता पहाटे गेट उघडताना जो आवाज येतो तो इंजिनांचा, त्याला वाघाची हरकत नाही. निदान त्यानं तसा लेखी अर्ज तरी दिलेला नाही. ज्या तारू देवाच्या नावावरून ताडोबा म्हणतात, त्याचं ठाणं तळ्याच्या काठी आहे. पौषात तिथं आदिवासींची जत्रा भरायची. तुम्ही त्याच तळ्याला जिप्सीतून फेरी माराल तेव्हा गाईडला विचारा, तो दुरून बोट दाखवेल. उतरायचं मात्र नाही हं, नियम आहे.

आता कपडे. अंगावर पानापानांचा हिरवा-तपकिरी शर्ट हवाच. वाघाला तुम्ही दिसता कामा नये. जिप्सी अर्धा किलोमीटर आधी ऐकू येते ते वेगळं. ही जिप्सी कंपनीनं बनवणं केव्हाच बंद केलंय, पण आमच्या पोरांनी ती जिवंत ठेवली आहे, आणि चढावर तिनं टाकलेला श्वास सांबराच्या धोका सांगणाऱ्या 'कॉल'पेक्षाही लांब जातो.

खरी परीक्षा सायटिंगच्या, म्हणजे वाघ दिसण्याच्या वेळी. इथं नीट लक्ष द्या, कारण इथंच नवखे पर्यटक चुकतात आणि रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून गप्प बसतात.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं 2012 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. प्राण्यापासून किमान 20 मीटर, दोन गाड्यांमध्ये 50 मीटर. घाबरू नका, सूचना फार लवचीक असतात. 20 मीटर हे अंतर वाघानं राखायचं आहे असा अर्थ घ्यायचा. तो स्वतःहून जवळ आला तर तुमचा काय दोष? तुमची गाडी त्याच्या वाटेच्या मधोमध उभी होती, हा योगायोग.

आणि वाघ वाटेवरच येतो, हे जाणून घ्या. वाट म्हणजे मऊ फुफाटा, पायाला काटा नाही, दोन्ही बाजूंच्या झाडांवर मुतून हद्द सांगायला सोयीची. बिचाऱ्याला वाटतं, रस्ता आपल्यासाठी केलाय. तो चालू लागला की पुढची जिप्सी रिव्हर्समध्ये घ्यायला सांगा. याला 'हेड ऑन' म्हणतात. वाघ तुमच्याकडे बघत चालतोय असा फोटो मिळतो. तो प्रत्यक्षात तुम्ही कधी बाजूला होता याची वाट बघत असतो, पण फोटोत तेवढं दिसत नाही. मागून आणखी आठ-दहा गाड्या येतात, चिमूरच्या स्टँडवर शेवटची एसटी लागावी तशी झुंबड होते, कोणी सीटवर चढतं, कोणी "सरका ना भाऊ, माझ्या मुलाला दिसत नाहीये" म्हणतं, आणि दोन्ही टोकांना गाड्या, दोन्ही बाजूंना काट्यांचं रान, मधे तो. त्याच्या डोळ्यांत दिसतं त्याला कॅप्शनमध्ये 'राजेशाही रुबाब' लिहायचं.

या कलेचा उत्तम नमुना आमच्याच जिल्ह्याशेजारी घडला. 31 डिसेंबर 2024, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य, गोठणगावचा सफारी मार्ग. एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे. दोन्हीकडून गाड्या, मधे आई आणि पोरं. वर्षाचा शेवटचा दिवस होता, लोकांना आठवण हवी होती. व्हिडिओ इतका फिरला की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली. बघा, अख्ख्या भिवापूर तालुक्याचे रस्ते उखडले तरी कोणी इतक्या तत्परतेनं विचारत नाही. पर्यटनामुळे विकास होतो तो असा.

तुम्हाला कोणी ऐकवेल की गाड्यांनी वाघाला त्रास होतो. विज्ञान आहे का त्याच्यामागे, असं ठणकावून विचारू नका मात्र, कारण नेमकं आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा गोळा केली, तीतले ताणाचे हार्मोन मोजले आणि 2019 मध्ये छापलं की पर्यटनाच्या हंगामात ते वाढतात, गाड्यांच्या संख्येबरोबर वाढतात. अशा वेळी विषय बदलायचा. "ते मध्य प्रदेशचे वाघ, आपले विदर्भातले काटक असतात," एवढं म्हटलं तरी चालतं. आमच्याकडे 47 डिग्रीत माणसं जगतात, वाघाला काय होतंय?

अमेरिकेचं उदाहरण कोणी दिलं तर तेही झटकून टाका. त्या लोकांनी 1964 मध्ये वाइल्डरनेस अॅक्ट नावाचा कायदा केला आणि काही रानांत मोटारच नाही, असं ठरवून टाकलं. मोटार नाही, मोटारबोट नाही, सायकलसुद्धा नाही. वाटेवर झाड पडलं तर कर्मचारी यंत्राच्या करवतीऐवजी दोघांनी ओढायची हातकरवत घेऊन जातात. पायी जायचं, नाही तर घोड्यावर! अर्थात तिकडेही आपले भाऊबंद आहेत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात बर्फावर स्नोमोबाइल पळवायच्या की नाही यावर वर्षानुवर्षं खटले चालले. एका सरकारनं बंदी आणायची, दुसऱ्यानं ती फिरवायची, असं करत 2013 मध्ये संख्येवर, आवाजावर आणि धुरावर मर्यादा घालणारा नियम आला. आवाज मोजतात म्हणे! आपल्याकडे रिसॉर्टवरचा डीजेही कोणी मोजत नाही.

गाडीवाल्यांच्या बाजूनं बोलायचं तर मुद्दे भरपूर आहेत, आणि ते पोकळ नाहीत, हे मी टिंगल थांबवून मान्य करतो. म्हाताऱ्या माणसानं, अपंगानं वाघाच्या रानात पायी कसं जायचं? मोहर्लीची, कोलाऱ्याची कितीतरी घरं गाईड आणि ड्रायव्हर म्हणून पोसली जातात. 2012 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, तेव्हा या घरांच्या पोटात गोळा आला होता. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली, कोअरच्या फार तर 20 टक्के भागात फिरायचं असं ठरलं. रोज माणसं फिरतात तिथं शिकाऱ्यालाही फासे लावायला भीती वाटते, हेही खरं. म्हणजे गाडी हवीच. प्रश्न एवढाच की ती हवी असणाऱ्याला थांबता येतं का. थांबता येत नाही म्हणून तर तुम्ही हा लेख वाचताय, तेव्हा पुढे.

कोअरमध्ये तुमची स्वतःची थार नेऊ देत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, बफर कशासाठी आहे? नदीचं पात्र आहे, बोडीची (लहान तळ्याची) पाळ आहे, धानाचे बांध आहेत. पाचशे सीसीची बुलेट घेऊन आलेल्या मित्रांनी सायलेन्सर काढून यावं, रानडुकरं आपोआप पळतात आणि शेतकऱ्याला फुकट मदत होते. रात्री हेडलाइटवर काही चमकलं की ब्रेक मारा आणि खाली उतरून बघा. पवनीकडचा बेत असेल तर गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्यटनाचा प्रकल्प मंजूर झालाय, जमिनीवरची शांतता पुरेशी मोडून झाली की पाण्यावर जाता येईल.

वाटेत तुम्हाला एखादी बाई डोक्यावर पानांचा भारा घेऊन जाताना दिसेल. फोटो काढा, हरकत नाही, पण थांबून विचारू नका. मेमध्ये तेंदूची फळी, म्हणजे बिडीच्या पानांची तोड आणि खरेदी, चालू असते. तुमच्याकडे जिप्सी, गाईड, ड्रायव्हर आणि परतीचं गेट असतं. तिच्याकडे विळा आणि सोबतीला दोन शेजारणी. 2025 च्या मेमध्ये सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीनं मारल्या. त्याच आठवड्यात ताडोब्याचं बुकिंग मिळत नव्हतं म्हणून कोणीतरी माझ्याकडे वशिला लावायला फोन केला होता. उन्हाळ्यात पाणवठ्यावर सायटिंग पक्कं असतं ना.

शेवटी पैशाचं. वाघ दिसला नाही तर ड्रायव्हरला आठवण करून द्या की मागच्या खेपेला दुसऱ्यानं दाखवला होता. तो म्हणेल, "साहेब, गाडी पुढे नेता येत नाही, वाट अडते." तेव्हा खिशातून पाचशेची नोट काढून सहज गुडघ्यावर ठेवायची. बोलायचं काही नाही. पोरगं आमच्याच गावचं असतं, बापाची दोन एकर कोरडवाहू, त्यात रानडुकरं, जिप्सीचा हप्ता डोक्यावर. ते गाडी पुढे घेतं. करांडल्यात बघितलंच आपण, निलंबन झालं ते ड्रायव्हरांचं आणि गाईडांचं, दंडाच्या पावत्याही त्यांच्याच नावानं फाटल्या. तुम्ही तोवर घरी पोचून फोटोचा रंग जरा गडद करत असता. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा तो ड्रायव्हर नसला तर खोळंबू नका. गेटवर नाव नोंदवून बसलेली पोरं भरपूर आहेत, त्यातली काही तर जामणीची आहेत.