जेट पाहिजे म्हणे! आधी सावली मागा

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याचं विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आमच्या वरुड-मोर्शीकडे एक पालुपद ऐकतोय. "पंख्याचं इमान काऊन दिलं? जेट पाह्यजे होतं." बोलणाऱ्यांतले निम्मे अजून विमानात बसायचे आहेत, पण ते सोडा. माझं म्हणणं असं की लहान विमानात आपल्या माणसाला जो त्रास होतो, त्यातला बराचसा ना आकाराचा आहे, ना पंख्याचा. तो भर दुपारच्या वेळेचा आणि जमिनीवरच्या गैरसोयीचा आहे. भांडायचंच तर त्यावर भांडा.

जेट म्हणजे ऐसपैस, हा समज आधी डोक्यातून काढा. आपल्या देशात स्टार एअर या विमान कंपनीकडे एम्ब्रेअर बनावटीची दोन प्रकारची जेट आहेत. त्यातलं १४५ हे पन्नास सीटचं. एका बाजूला एक सीट, दुसऱ्या बाजूला दोन, आणि मधल्या वाटेत उंची जेमतेम सहा फूट. आमच्याकडच्या उंच गड्यानं मान तिरपी करूनच चालावं. दुसरं १७५, ते मात्र खरंच बरं आहे. दोन-दोन सीट, उंची साडेसहा फुटांच्या आसपास. एटीआर, म्हणजे ज्याला लोक पंख्याचं म्हणून हिणवतात, त्यातही दोन-दोनच सीट असतात. तिन्हींत मधली सीट नावाचा प्रकार नाही. मोठ्या विमानात दोन अनोळखी माणसांच्या कोपरांमध्ये दोन तास आवळून बसलेल्यांना यातलं सुख समजेल.

आवाज पंख्याचा जास्त, हे मान्य. पण सीट निवडताना लोक जे करतात ते बघून हसू येतं. सगळ्यांना पुढची रांग पाहिजे. एटीआरमध्ये पंखे पुढच्या निम्म्या भागाच्या आजूबाजूला येतात, म्हणून तिथं घरघर जास्त आणि मागं शांत. उतरायचं दारही मागंच. एम्ब्रेअर १४५ मध्ये बरोबर उलटं, इंजिनं शेपटीला, म्हणून पुढं बसा. तिकीट काढताना विमान कोणतं तेवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं.

आणि पायऱ्या! आमच्या मामाजींचे गुडघे गेलेत. मोठ्या विमानाचा तो उंच जिना पाहिला की ते खालूनच हात जोडतात. एटीआर आणि १४५ चं दारच खाली उघडतं आणि त्याचाच जिना होतो, मोजक्या पायऱ्यांचा. एका हातानं दोरीचा कठडा आणि दुसऱ्या हातानं धोतराचा सोगा धरून मामाजी कोणाचा आधार न घेता वर गेले. वरच्या पायरीवर थांबून मागं पाह्यलं आन म्हणे, "हे आपल्या मापाचं हाय गा." तरी ज्यांना तेवढंही चढवत नाही, त्यांनी व्हीलचेअरची मागणी ४८ तास आधी नोंदवून ठेवावी. ऐन वेळी विमानतळावर पोचून धावपळ करू नये.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. मे महिना, पारा ४५ च्या वर, दुपारी अडीचची वेळ. एका विमानतळावर आम्हाला इमारतीतून काढलं आणि डांबरावर उभं केलं, कारण विमानाच्या आतली साफसफाई व्हायची होती. ना छत, ना बस. एका बाईच्या कडेवर लेकरू होतं. तिनं पदर त्याच्या डोक्यावर धरला आणि स्वतः उन्हात उभी. आत गेलो तर सीटचा बकल हाताला चटका देत होता. कंपनीचं आणि गावाचं नाव घेत नाही.

आत का तापतं, तेही समजून घ्या. मोठ्या विमानांत आणि एम्ब्रेअर जेटमध्ये शेपटीकडे एक छोटं जादा इंजिन असतं. मोठी इंजिनं बंद असली तरी ते वीज आणि एसी देतं. एटीआरला ते नाही. त्यात उजव्या बाजूचं इंजिन पंख्याला ब्रेक लावून चालू ठेवायचं, पायलट याला 'हॉटेल मोड' म्हणतात, किंवा बाहेरून एसीची गाडी जोडायची. दोन्ही केलं नाही की आत भट्टी. म्हणजे इलाज आहे, फक्त कोणीतरी तो करायला पाहिजे.

दुपारचा दुसरा ताप हवेतला. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उसळते आणि विमान हिंदकळतं. रिकामी ट्रॉली उधळते तशी भरलेली उधळत नाही, तेच इथं. हलक्या विमानाला हादरा जास्त कळतो. शिवाय गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची. अशा ठिकाणी भर उन्हात कधी सामान तर कधी माणसं कमी करायची वेळ येऊ शकते. जेट आणलं तर हा प्रश्न वाढेल, कमी होणार नाही. आणि मुंबईपर्यंत वाचणार किती, फार तर अर्धा तास. बेलोऱ्याला पोचेपर्यंत आमच्या रस्त्यावर तेवढा वेळ असाच जातो.

कानाचं थोडक्यात सांगतो. उतरताना झोपू नका, घोट गिळत राहा, लहान लेकराला दूध पाजा. मामाजींनी खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी काढली होती. मी बडीशेप दिली. नाराजीनं खाल्ली, पण कान मोकळे राहिले. सर्दी असेल तर डॉक्टरला विचारूनच निघा.

तर विमानतळाच्या बैठकांना जाणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी जेटचं निवेदन देण्याऐवजी एवढं मागावं: मार्च ते जून विमानाची वेळ सकाळी दहाच्या आत, नाहीतर सूर्य कलल्यावर. इमारतीपासून विमानापर्यंत छताची वाट. एसी लागल्याशिवाय माणसं आत घ्यायची नाहीत आणि तोवर उन्हातही उभी करायची नाहीत. निवेदनाचा मसुदा मी लिहून देतो, सह्या गावोगावच्या मंडळींनी गोळा कराव्या.