मोठ्या व्हा, पण बेताने

मुलीने शिकावं, नोकरी करावी, स्कूटर चालवावी, पहिल्या पगारात आईला साडी आणावी, इथपर्यंत गोव्यात कोणाचाही विरोध नाही. उलट कौतुकच होतं. पंचाईत होते ती तिच्या तोंडून ‘मला अजून पुढे जायचंय’ असं निघालं की. म्हणून ही पद्धत सांगतो. महत्त्वाकांक्षा मुळासकट उपटून टाकायची गरज नाही. ती चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, माटोळीसारखी ठेवायची, गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीसारखी: वर टांगलेली, आल्यागेल्याने मान वर करून बघावी अशी. कार्य आटोपेपर्यंत तिला हात लावायचा नाही, आणि बाईच्या घरातलं कार्य सहसा आटोपत नाही.

पहिली गोष्ट भाषेची. ‘मी बढती मागितली’ असं बाईने कधी म्हणू नये. ‘झाली बाई बढती’ म्हणावं, पाऊस झाला म्हणतो तसं. ‘मला तो विभाग चालवायचा आहे’ याऐवजी ‘सरांनीच आग्रह केला, नाही म्हणता येईना’. नाइलाजाने मोठी झालेली बाई सगळ्यांना आवडते.

आता कामाकडे येऊ. समजा तुम्ही वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औषध कारखान्यात क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, आहात. आर्थिक वर्ष संपत आलं की स्वमूल्यमापनाचा फॉर्म येतो. पहिल्याच चौकटीत विचारलेलं असतं, या वर्षात तुम्ही काय साध्य केलं? चौकट चांगली ऐसपैस असते. तुम्ही एकच ओळ लिहा: ‘सर्वांच्या सहकार्याने नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली.’ फार गुणी ओळ आहे. ती शिपायालाही लागू पडते, संचालकालाही, आणि दारातल्या तुळशीलाही.

या ओळीत आकडा शिरू देऊ नका. ‘वर्षभरातल्या चौदा ओओएसपैकी (ठरलेल्या मर्यादेबाहेर आलेल्या निकालांपैकी) बारांची तपासणी तीस कामकाजी दिवसांच्या आत बंद केली, मूळ द्रावण फेकू न दिल्यामुळे पाच वेळा दोष नमुन्यात नसून एचपीएलसी या चाचणीयंत्राच्या कॉलममध्ये आहे हे दाखवता आलं,’ असं काही लिहिलंत तर वरच्या माणसाला ते वाचावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे ते त्याच्या लक्षात राहतं, आणि त्याच्या वरच्या माणसापुढे त्याला ते जसंच्या तसं म्हणता येतं. बढती ज्या खोलीत ठरते तिथे तुम्ही नसता. तिथे तुमच्या वतीने तुमची वाक्यं बसलेली असतात. ती मुकी ठेवलीत की पुढचं सगळं आपोआप होतं.

काही बायकांना दर शुक्रवारी निघण्याआधी वहीत तीन ओळी लिहायची खोड असते: काय केलं, त्याने किती वेळ किंवा माल वाचला, कोणाच्या देखत. ही खोड मोडा. गेल्या एप्रिलमध्ये आपण काय दिवे लावले ते मार्चमध्ये आठवत नाही, ही निसर्गानेच करून ठेवलेली सोय आहे.

अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, ऑडिट आलं की दोन खोल्या होतात. फ्रंट रूममध्ये तपासनीस आणि त्याच्याशी बोलणारे. बॅक रूममध्ये कागद शोधणारे, तपासणारे आणि उत्तरं जुळवणारे. तुमची जागा बॅक रूम. मेथड व्हॅलिडेशन, म्हणजे चाचणीची पद्धत भरवशाची असल्याची सिद्धता, तुम्ही केलेलं असेल, तर ते सरांना तीन मिनिटांत समजेल अशा चिठ्ठीवर लिहून द्या. सर आत जाऊन सांगतील. तपासनिसाने दुसरा प्रश्न विचारला की सर बाहेर येतील. दुसरी चिठ्ठी द्या. तिसऱ्या प्रश्नाला ‘तिलाच बोलवा’ असा निरोप येण्याची भीती असते. अशा वेळी कँटीनच्या चहाची व्यवस्था बघायला जावं. शेवटी ४८३, म्हणजे तपासनिसाला दिसलेल्या त्रुटींचा फॉर्म, हातात पडलाच, तर उत्तराला पंधरा कामकाजी दिवस असतात. ते उत्तर रात्री जागून तुम्ही लिहायचं आहे, हे वेगळं सांगायला नको. सहीची जागा मोकळी सोडा.

पगाराचं सोपं आहे. नव्या कंपनीत ‘सध्या किती मिळतात?’ असं विचारलं की ताबडतोब, आनंदाने, खरा आकडा सांगावा. ‘या पदासाठी तुमची वेतनपट्टी काय आहे?’ असा उलट प्रश्न उद्धटपणात मोडतो. सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, ऐकून मान डोलवावी. तिच्यात कंपनीचा बारा टक्के पीएफ आणि मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते, म्हणून मूळ वेतन किती आणि दरमहा हातात किती हे वेगवेगळं विचारायचं असतं, असल्या बारकाव्यांत पडू नये. आणि आकडा ऐकल्यावर गप्प राहून समोरच्याला बोलू देणं तर अगदीच अशोभनीय. शांतता झाली की तुम्हीच घाईने म्हणा, ‘चालेल, चालेल.’

या दोन ‘चालेल’ची किंमत काढून ठेवली आहे. तुम्ही दरमहा ३०,००० वर हो म्हणालात आणि शेजारच्या टेबलावरचा ३६,००० वर. दोघांनाही दरसाल सारखीच आठ टक्के वाढ. कंपनी भेदभाव करत नाही. पहिल्या दहा वर्षांत त्याच्या हातात तुमच्यापेक्षा सुमारे १० लाख ४३ हजार रुपये जास्त पडतात, आणि अकराव्या वर्षी फरक सहा हजारांचा न राहता दरमहा जवळजवळ तेरा हजारांचा झालेला असतो. पीएफचा फरक यात धरलेला नाही. फोंड्याला बऱ्यापैकी मोटार येईल एवढ्या पैशांत तुम्ही ‘स्वभावाने चांगली आहे हो’ हे प्रमाणपत्र विकत घेतलेलं असतं, आणि त्याला हप्ते नाहीत.

पीएफवरून आठवलं. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला पीएफ काढताना दोन महिने थांबायची अट नसे, अशी खास सवलत नियमांत होती. पुरुषाला नव्हती, तो लग्नासाठी नोकरी सोडेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हा नोकरी बदलताना खातं नव्या कंपनीकडे वळवू नका, काढून टाका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढले की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हातारपणी हात पसरायला मुलगा आहेच.

बदलीचा किंवा हैदराबादच्या प्रकल्पावर सहा महिन्यांचा प्रस्ताव आला की तिथल्या तिथे म्हणा, ‘घरी विचारून सांगते.’ पुरुषही घरी विचारतात, पण ते ऑफिसात ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणतात. काम एकच, वाक्याची किंमत वेगळी. घरी मात्र तुमच्याआधी भात बोलतो: भात कोण टाकणार, मुलाचा अभ्यास कोण घेणार, आणि यंदा चवथ आमच्याकडे आहे, नेवऱ्या (करंज्या) काय बाजारातून आणायच्या? नेवऱ्यांपुढे कोणतीही कारकीर्द टिकत नाही. सारण परतायला एक माणूस, पारी लाटायला दुसरं, कडा मुरडायला तिसरं, तळायला चौथं. ही चारही माणसं तुम्हीच असता. एखादा विभाग चालवायला याहून निराळं काय लागतं, असा विचार तळताना मनात आला तर आच कमी करा.

दुसऱ्या पाळीचं पद असेल तर चर्चाच नको. कंपनीची बस हमरस्त्यावर सोडते, पुढे कदंबची सरकारी बस निघून गेलेली, भाड्याने मागे बसवून नेणारा मोटारसायकलवाला पायलट दिसत नाही, रस्त्यावर दिवा एकाआड एक. यावर दारापर्यंत गाडी द्यायला सांगता येतं, ते लेखी मागता येतं, चार जणींनी मिळून मागितलं तर बहुधा मिळतंही. पण त्यात माणूस मागणारा ठरतो. त्यापेक्षा ‘मला रात्रपाळी जमत नाही’ म्हणून मोकळं व्हा. पाळीप्रमुखाच्या जागेची वाट रात्रपाळीतूनच जाते, हे पाच वर्षांनी कळतं.

बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे कायद्याने मिळतात, पहिल्या दोन मुलांसाठी. त्याआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. ते मिळाल्याबद्दल पुढची दोन वर्षं कृतज्ञ राहा. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा कायद्यातच आहे. आपल्याकडचं पाळणाघर कुठे आहे असं विचारू नका. एचआरच्या मुलीला दुपारभर शोधत फिरावं लागेल.

तुम्हाला वरिष्ठ म्हणणारे कोणी नाहीत असं मात्र समजू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, आणि तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची बाईच लागते. त्या दिवशी कंपनीला तुमची ज्येष्ठता एकदम दिसते. समितीच्या फलकावर तुमचं नाव पहिलं लागतं. पगाराच्या चिठ्ठीवर पद जुनंच. वरच्या मजल्यावरही तीच तऱ्हा: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालक मंडळात एक तरी बाई हवी, असा नियम झाला, तेव्हा कित्येक मालकांना आपल्याच घरात कर्तबगार बाई आहे याचा शोध लागला. शेवटी मोठ्या कंपन्यांसाठी ‘नुसती बाई नको, स्वतंत्र बाई हवी’ असं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला वेगळं लिहावं लागलं.

आता गोव्याची खरी मौज. ‘आमच्याकडे बायकांना सगळे हक्क आहेत’ हे वाक्य इथे पाठ असतं, आणि ते खोटं नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेल्या कायद्याने वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. वेगळी व्यवस्था हवी असेल तर करार लग्नाआधी करायचा; नंतर बदलता येत नाही. म्हणून लग्न ठरवताना हॉल, केटरर, पत्रिकेचा कागद यावर तीन महिने बोला, आणि याबद्दल लग्नानंतर वाचा.

मुलगी वारसा हक्कात मुलाच्या बरोबरीची, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं तरी निम्म्या मालमत्तेतून तिला डावलता येत नाही. सुंदर कायदा. त्यावर उपाय म्हणून भाऊ हक्क सोडल्याचा एक कागद घेऊन येतो. ‘सहीपुरतं आहे गो, तुझं माहेर कुठे जातंय?’ सही करा. पुढे कधी स्वतःचं मसाल्याचं युनिट टाकायचं मनात आलं, बँकेने तारण मागितलं, की माहेर खरंच कुठे गेलं नाही हे दिसेल. ते भावाच्या नावावर तिथेच आहे. मग सासरचं घर तारण ठेवू म्हणाल, तर सामाईक मालमत्तेला दोघांच्याही सह्या लागतात. नवऱ्याच्या दुकानासाठी घर गहाण पडलं तेव्हा तुमची सही पाच मिनिटांत झाली होती. आता तो विचार करून सांगणार आहे.

आणि दरवर्षीचा तो आयकराचा कागद. १९६१ च्या आयकर कायद्यात या गोव्यातल्या जोडप्यांसाठी ५अ हे कलम घातलं गेलं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे दुकान, भाडं, व्याज, दोघांत अर्धं अर्धं दाखवायचं. विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र तक्ता असतो. त्या तक्त्यानुसार तुम्ही निम्म्या हार्डवेअरच्या दुकानाच्या धनीण आहात. गल्ल्याची किल्ली कुठे असते, उधारी किती, बाजारात देणं किती, हे सीएला विचारू नका. तो तुमच्याकडून फक्त ओटीपी मागतो. तेवढा द्या.

राजकारणात जायची हौस असेल तर आधी नवरा किंवा वडील आमदार असावेत. शशिकलाताई काकोडकर १९७३ पासून १९७९ पर्यंत मुख्यमंत्री होत्या. भाऊसाहेब बांदोडकरांची मुलगी, म्हणून त्याला लोकांनी महत्त्वाकांक्षा म्हटलं नाही, वारसा म्हटलं. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बाई बसलेली नाही. २०२२ च्या निवडणुकीत ४० पैकी ३ बायका निवडून आल्या आणि तिघींचेही नवरे त्याच सभागृहात आमदार. घरून परवानगी घेण्याचा प्रश्नच मिटला.

वाईट उदाहरणं मात्र मुलींच्या नजरेआड ठेवा. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली, आपण कुठे गायचं आणि ध्वनिमुद्रणाला किती वाव द्यायचा ते स्वतः ठरवत राहिल्या, १९६९ ला पद्मभूषण झाल्या. यातल्या कशालाही ‘झालं बाई आपोआप’ म्हणायची त्यांची तयारी होती असं दिसत नाही. त्यांची भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून व्हॉयेजर यानांबरोबर पाठवली. ती यानं १९७७ साली निघाली ती अजून बाहेरच आहेत, आणि उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या, एवढंही कोणी घरी कळवलेलं नाही.