लाल-पांढऱ्याचं खरं दुखणं

मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या चौघांनी खेळायच्या कमांडर प्रकारात लाल-पांढऱ्या रंगांची जोडी दुबळी, कारण ‘ना माना (पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा) वाढतो, ना पत्ते मिळतात’, असं एका लेखात म्हटलंय. हे जुनं रडगाणं झालं. २०१९ला स्मदरिंग टाइद आणि २०२१ला एस्पर सेंटिनल हे पत्ते आल्यावर पांढऱ्याची उपासमार बरीच कमी झालीये. खरी गोची गणिताची आहे. समोर तिघं, प्रत्येकाचं लाइफ ४०, म्हणजे हल्ले करत १२० फोडायचं!

कोथरूडला मित्राच्या गच्चीवर आम्ही चौघं रविवारी बसतो. परवा सहाव्या टर्नला मी एकाला गार केलं, तेव्हा माझ्या हातात उरलं होतं एक प्लेन्स, म्हणजे माना देणारं साधं लँड. शेजारचा हिरवा-निळावाला तोवर दहा लँड मांडून निवांत चहा ओततोय. वर पहिला हल्ला केला म्हणून उरलेले दोघं माझ्यावरच तुटून पडले. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.