जीवाची किंमत २ लाख? तो मेसेज चुकीचाय

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, रस्ते अपघातात माणूस गेला की सरकार २ लाख देतं, २०२२ ला देशात १,६८,४९१ लोक गेले, म्हणजे अपघातांचा देशाला खर्च साधारण ३,३७० कोटी. गुणाकार बरोबर, पण अर्थ साफ चुकीचा.

ते २ लाख फक्त हिट अँड रनसाठी, म्हणजे धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर. गाडी सापडली तर थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे त्या गाडीचा दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा विमा, आणि दावा न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट, आणि तिथला हिशोब वेगळाच असतो. समजा अंबड एमआयडीसीतला ३० वर्षांचा कामगार, पगार २० हजार, घरी बायको नि लहान मुलगा. वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, वर वयानुसार ठरणारा १७ चा गुणक, झाले २७ लाख २० हजार, पुढे वाढणारा पगार धरला तर आणखी जास्त. आणि हीसुद्धा नुसती बुडालेली कमाईच हां.

देशाचा खर्च काढताना यात जखमींचे उपचार, कायमचं अपंगत्व, गाड्यांचं नुकसान, पोलीस-कोर्टाचा खर्च हे सगळं येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरातलं कुणीतरी नोकरी सोडतं, मुलीचं कॉलेज सुटतं, हे तर बऱ्याचदा धरलंच जात नाही, आणि मला तेच सगळ्यात वाईट वाटतं. डब्ल्यूएचओच्या म्हणण्यानुसार बहुतेक देशांत हा खर्च जीडीपीच्या ३ टक्के, आपल्याकडे तो धरला तर आकडा काही लाख कोटींत जातो.

मेसेज वाचून कुणी २ लाखांवर गप्प बसू नका प्लीज. गाडीचा नंबर मिळालाय तर आधी वकिलाला भेटा, नसेलच मिळाला तर हिट अँड रनचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.