मुंबय टायम

वाटणीत चुलतभावाला हापूसची कलमं गेली आणि मला आजोबांचं खिशातलं घड्याळ. तेही बंद. आत्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर इतकी वर्षं काढलेली की उघडलं की आधी वास येतो, मग वेळ दिसते, पावणेचार, कायमची. आजोबा मुंबईला गिरणीच्या टाइम ऑफिसात होते, त्यामुळे आत्याचं ठाम मत की "बाबांचा घड्याळ कधी चुकला नाय". बंद पडलेलं घड्याळ चुकणार कसं हे मी बोललो नाही.

वेंगुर्ल्यात जुलैमध्ये दुसरं करायचं तरी काय, म्हटलं आपणच रिपेअर करू. व्हिडिओत तो माणूस पांढरा कोट घालून बसतो, टेबलावर धुळीचा कण नाही. मी पोळपाट घेऊन पडवीत बसलो. ऑनलाइन मागवलेले स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला लावायची आयग्लास, आणि बायकोचा भुवयांचा चिमटा (तिला अजून माहीत नाही, हे वाचलं तर कळेल).

मागचं झाकण उघडलं तर आत अजून एक झाकण, आणि त्याच्या आत ते सगळं गाव. चाकं, पितळी पट्ट्या, आणि चाकांची टोकं ज्यांच्या भोकात फिरतात ते लाल खडे. बॅलन्स म्हणजे ते मोठं चाक जे मागेपुढे डोलतं, ते चालू असताना तासाला 18000 ठोके मारतं, म्हणजे सेकंदाला 5. आमचं मारत होतं शून्य.

आता चूक नंबर एक. उघडण्याआधी मेनस्प्रिंगचा, म्हणजे चावी दिली की आवळत जाते त्या मुख्य स्प्रिंगचा, जोर सोडायचा असतो, खटका दाबून, चावी हळूहळू उलटी जाऊ देत. व्हिडिओत हे सांगितलं होतं पण तेव्हा लाइट गेली होती. मी बॅलन्स काढला, त्याच्याखालचं पॅलेट काढलं, आणि सगळी चाकं एकदम घर्रर्र करून फिरली. मी आनंदाने ओरडलो, "आत्ये, घड्याळ सुरू झालं!" ती चुलीवरचं तसंच सोडून धावत आली, तोवर सगळं थंड. पॅलेट म्हणजे त्या जोराला एकेक दात सोडणारा दरवान असतो आणि मी दरवानालाच हाकललं होतं, हे रात्री कळलं.

मग त्या खटक्याची स्प्रिंग. कापलेल्या नखाएवढी. चिमट्यात धरली आणि टिंग. बस, एवढाच आवाज, नंतर ती स्प्रिंग या जगात नाही. मी खळ्यात गुडघ्यांवर, तोंडात टॉर्च, वर पाऊस, आणि आत्या दारात, "मेल्या, खळ्यात रांगतंस कित्याक?" दोरीला लोहचुंबक बांधून सगळं खळं ओढून काढलं, तर चुंबकाला तांबड्या मातीतल्या काळ्या भुकटीची दाढी आली, दोन खिळे आले आणि केसांची एक पिन, जी आत्याने ओळखली आणि ताब्यात घेतली. तेव्हापासून मी मच्छरदाणी लावून आत बसतो. मच्छर बाहेर ठेवायला नाही, स्प्रिंगा आत ठेवायला.

शेवटी बाजारातल्या घड्याळजीकडे गेलो. आता ते मोबाइलची कव्हरं विकतात पण आयग्लास अजून कपाळावरच असते. आत बघून म्हणाले, "कोणी खोललं हे?" मी म्हटलं, कोण जाणे, जुनं आहे. "आणि तेल कुठलं घातलंय?" शिलाई मशीनचं. त्यांनी आयग्लास काढून माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं, आमचे जुने डॉक्टर बिडीचा विषय निघाला की आजोबांकडे बघायचे तसं. खड्याच्या भोकात सुईच्या टोकावर मावेल तेवढंच तेल घालायचं, जास्त झालं की पसरतं आणि घड्याळ जड चालतं. त्यांनी डबीतल्या भंगारातून एक स्प्रिंग दिली, पैसे घेतले नाहीत, आणि चुंबक घड्याळाच्या आसपास दिसला तर परत यायचं नाही म्हणाले.

तीन वेळा खोललं, पेट्रोलमध्ये धुतलं, जोडलं, आणि एका रविवारी रात्री टिकटिक! बॅलन्सवर एक बारीक काटा असतो, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला आर. आर म्हणजे राइट समजून मी तो पार आरकडे ढकलला. ती अक्षरं फ्रेंच आहेत, ए म्हणजे पुढे आणि आर म्हणजे मागे, हे मला फार उशिरा कळलं.

सोमवारी पहाटे सहाला लावलं. मंगळवारी सहाला घड्याळात पाच वीस. माझा चेहरा पडला पण आत्या खूश. "मुंबय टायम आसा तो!" आणि गंमत म्हणजे तिचं अगदीच खोटं नाही. 1906 मध्ये देशाने एक वेळ ठरवली तरी मुंबई 1955 पर्यंत स्वतःची, 39 मिनिटं मागची वेळ धरून बसली होती, आजोबांची अर्धी नोकरी त्याच वेळेवर झाली. म्हटलं, आत्ये, एक मिनिट जास्तच मागे आहे, तर म्हणे एक मिनिट खंय बघतंस.

काट्याला हात लावायची मला बंदी झाली. चावी आता तीच देते.

बुधवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तिच्या मुलाचा मस्कतहून फोन. तिने घड्याळ हातात धरूनच विचारलं, तुमच्याकडे किती वाजले रे? तो म्हणाला, साडेदहा. आत्याने घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. साडेदहा.

"बघ," म्हणाली, "थंयसुद्धा बरोबर आसा."