ऐकणं

परवाच्या रविवारी उपासना संपल्यावर चपला घालत होते. शेजारी मंडळीतलीच एक मुलगी उभी होती. लग्नाला दीड वर्ष झालंय. बांगडी फुटून मनगटावर उठलेला ओरखडा ओढणीने झाकत होती. घरात काय चाललंय ते तिने एका वडीलधाऱ्यांना हळूच सांगितलं. उत्तर आलं, "बाळा, आज्ञेत राहा. देवावर विश्वास ठेव, सगळं नीट होईल." तिने मान हलवली आणि निघून गेली. मी सगळं ऐकलं आणि गप्प बसले. तेव्हापासून जीव लागत नाहीये. (तिला विचारूनच हे लिहितेय.)

आज्ञापालन हा शब्द मला लहानपणापासून प्रिय आहे. म्हणून तो असा वापरलेला बघवत नाही.

आपल्या मराठीत "पोरगं ऐकत नाही" म्हणतो, तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असं कुणी समजत नाही. ऐकणं म्हणजे कानावर घेणं आणि त्याप्रमाणे वागणंही. हिब्रूतही तसंच आहे. पवित्र शास्त्रातल्या "हे इस्राएला, ऐक" यातला 'शमा' हा शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन येतो. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की ऐकायचं कुणाचं?

इथे मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या दोनेक वर्षांतच तिथल्या धर्मगुरूंशी आणि मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. आपल्या पुरोहितांचं जू नुकतंच मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं चढवून घेणार नाही, असं त्यांनी साफ कळवलं. ज्यांच्या आश्रयाला राहत होत्या, त्यांनाच! सदसद्विवेक देवाने दिलाय, तो गहाण टाकायचा नाही, ही त्यांची श्रद्धा होती.

आणि याच बाईचं देवाचं ऐकणं बघा. तरुणपणी दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेलेली. भूक काय असते ते अंगावर काढलेलं. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. अमेरिकेतल्या मंडळाने मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांचं, आणि ती मुदत संपत आली होती. जेवणारी तोंडं मात्र वाढतच होती. उद्याच्या पिठाची काळजी त्यांना नसेल का? असणारच. तरी त्या गेल्या. मला विश्वास म्हणजे काय ते या "तरी" मध्ये दिसतं. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतलेला कोळी शिमोनही येशूला असंच म्हणाला होता: काही मिळालं नाही, तरी तुम्ही सांगता म्हणून टाकतो.

पुढे हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. छपाईही केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्येच, तिथल्या बायकामुलींच्या हातची. ते काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

क्रुसावर जाण्याआधी प्रभू येशूने गेथशेमाने बागेत केलेली प्रार्थनाही आपण अर्धीच सांगतो. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे सगळ्यांना पाठ. पण त्याआधी प्रभूने हा प्याला टळू दे अशी विनवणी केली, घाम गाळून केली. बापाजवळ मन मोकळं करणं हे अवज्ञा नव्हे. मग त्या मुलीने तोंड उघडलं तर ती अवज्ञा कशी? शास्त्रातल्या इफिसकरांस पत्रात बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं हे वचन दाखवणाऱ्यांनी त्याच्या आधीची ओळही वाचावी. तिथे एकमेकांच्या अधीन असा, असं लिहिलंय. एकमेकांच्या. नवऱ्याने ख्रिस्तासारखी प्रीती करावी, स्वतःला द्यावं, हेही तिथेच पुढे आहे. हात उगारण्याचा अधिकार त्यात कुठे आहे?

काल संध्याकाळी तिला फोन केला. बराच वेळ रडली, मग म्हणाली, "मावशी, मी प्रार्थना करते तेव्हा मला सारखं वाटतं की इथून निघ. पण तो देवाचा आवाज नसेल ना?"

मी म्हटलं, "बॅग भर. सकाळी मी रिक्षा घेऊन येते."