संथ? आणि तीही बनगरवाडी?

अभिजात पुस्तकांच्या एका यादीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) पाहून बरं वाटलं, पण तिथे तिला 'संथ' म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. एवढ्याशा कादंबरीत माडगूळकरांनी धनगरांचं अख्खं गाव उभं केलंय. कोवळा मास्तर येतो, शाळा भरवतो, तालीम बांधली जाते, औंध संस्थानचे राजेसाहेब येऊन जातात आणि पुढे दुष्काळात गावच उठून जातं. आणखी काय घडायला हवं? एका बैलाच्या जोडीला स्वतःला जुंपून घेणारी शेकूची बायको आठवा! लेखक तिथे हळहळत बसत नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. अमोल पालेकरांचा चित्रपटही आहे, पण आधी पुस्तकच वाचा. आणि हो, माडगूळकरांचंच 'माणदेशी माणसं' यादीतून सुटलंच कसं?